नौदलाच्या 25 टन बोलार्ड पुल टग बोटी: हा ‘25 टन’ आकडा नेमका कशाचा?

विक्रांतचा धक्क्याला लागतानाचा व्हिडिओ कधी बघितला असेल, तर बाजूला चिकटलेल्या छोट्या, बुटक्या बोटी दिसल्या असतीलच. त्या टग बोटी. भारतीय नौदलाने 12 नोव्हेंबर 2021 रोजी अशा 6 बोटींचा करार कोलकात्याच्या टिटागड कंपनीशी केला. हो, तीच रेल्वेचे डबे बनवणारी. बोटींची नावंही भारी आहेत: महाबली, बाहुबली, ओजस, अश्व. महाबली 2023 मध्ये कोचीला दाखल झाली.

आता तो 25 टनांचा आकडा. अनेकांना ते बोटीचं वजन वाटतं. तसं नाहीये. धक्क्यावर दोर बांधायला जो लोखंडी खुंट असतो, तो बोलार्ड. टगचा दोर त्याला बांधायचा, मध्ये ताण मोजणारं यंत्र लावायचं आणि इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. बोट जागची हलत नाही, पण दोरावर जो ताण येतो तो बोलार्ड पुल. चार्जरवर वॅट बघता ना, तसाच टग घेताना हा आकडा बघायचा. माझ्या मते नुसत्या हॉर्सपॉवरपेक्षा तो जास्त खरा, कारण पंखा किती चांगला आहे तेही त्यात कळतं.

पण विक्रांतचं वजन जवळपास 43,000 टन. तिथे 25 टनांनी काय होणार? मी हिशोब करून बघितला. पाण्याचा विरोध सोडून दिला, तर एका मिनिटाच्या ओढीने जहाजाला ताशी सव्वा किलोमीटर वेग येतो. म्हणजे मुंगीच्या चालीने का होईना, जहाज हलतं. खरी पंचाईत पुढे आहे: तेवढ्याच जोराने थांबवायलाही पुन्हा एक मिनिट लागतं, आणि धक्का तर समोर आलेला असतो! म्हणून एकापेक्षा जास्त टग लावतात आणि सगळं काम हळू चालतं. मोठं जहाज हे स्वतः करू शकत नाही, कारण वेग कमी झाला की सुकाणूवरून पाणी नीट वाहत नाही आणि ते वळायला दाद देत नाही. त्यात वारा आला की संपलंच.

पाणबुडीजवळ तर आणखी जपावं लागतं. तिचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, वरून दिसतच नाही.

या कामात टगवरच्या माणसांच्या जिवाला खरा धोका असतो तो गर्टिंगचा. मोठं जहाज अचानक वेगाने पुढे गेलं आणि दोर टगच्या कुशीवर आडवा आला, तर तो टगला ओढत ओढत पालथं करतो. काही सेकंदांत खेळ खल्लास. यासाठी टगच्या हुकाला ताण असतानाही दोर झटक्यात सोडायची सोय असते. कप्तानाने ती वेळेवर वापरायची, बस्स.

बाकी वेळी या बोटी धक्क्यावरच्या किंवा नांगरलेल्या जहाजाला आग लागली तर समुद्राच्या बाजूने पाणी मारतात, थोडंफार शोध-बचावाचं कामही करतात.

मुंबई बंदरातल्या टग बघायच्या असतील तर जहाजं दाखवणारं एखादं ॲप उघडा. मालवाहू जहाजांभोवती घुटमळणारे ठिपके सापडतील. नौदलाचे मात्र तिथे बहुतेक वेळा दिसणार नाहीत.