दिनविशेष : १७ सप्टेंबर
सीमेपलीकडचे बेथेल

१९४८ मध्ये आजच्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्याआधी जालना म्हणजे निजामाचा मुलूख. पुण्या-मुंबईहून तिकडे जायचे तर राज्याची सीमा ओलांडावी लागे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती १८६० च्या दशकात ओलांडली. ब्राह्मण घरातल्या या तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. धाकटा भाऊ श्रीपतही त्याच वाटेने निघाला. पण तो अल्पवयीन, म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांकडे परत पाठवले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर स्वकीयांचा रोष पत्करून उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या माणसांनी केवढी किंमत मोजली!

जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात शेषाद्रींना जमीन मिळाली. तिथे चर्च, शाळा आणि घरे उभी राहिली. वस्तीचे नाव बेथेल, म्हणजे हिब्रूत ‘देवाचे घर’. गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग-महार कुटुंबांना तिथे हक्काची जागा मिळाली, हे मला त्या चर्चइतकेच मोलाचे वाटते. १८७३ मध्ये शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेतही बोलले.

आज त्याच जालन्याहून माणसे चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला येतात. वाटेत सीमा लागत नाही.