गर्भाशय ग्रीवेच्या कोशिका-परीक्षणातील सौम्य अपसामान्यता : पाठपुराव्याचा इतिहास

गर्भाशयाचा योनिमार्गात उघडणारा अरुंद भाग म्हणजे ग्रीवा. तिच्या पृष्ठभागावरील कोशिका खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि रंजकक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांत कर्करोगपूर्व विकृती वेळीच शोधणे हा या परीक्षेचा हेतू होय. मात्र तपासलेल्या काही स्त्रियांच्या कोशिका पूर्णपणे प्राकृत नसतात व कर्करोगाची शंका यावी इतक्या विकृतही नसतात. केंद्रक थोडे मोठे व आकार किंचित अनियमित एवढाच फेरफार दिसतो. अशा स्त्रीच्या बाबतीत पुढे काय करावे, याचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलले आहे.

योनिमार्गातील स्रावात कर्करोगाच्या कोशिका ओळखता येतात, हे जॉर्ज पापानिकोलाऊ (१८८३–१९६२) यांनी १९२८ मध्ये अमेरिकेत मांडले. रूमानियातील ऑरेल बाबेश यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसेच निरीक्षण प्रसिद्ध केले होते. पापानिकोलाऊ व हर्बर्ट ट्राउट यांचा १९४१ चा निबंध आणि १९४३ चा ग्रंथ यांनंतर परीक्षेला मान्यता मिळाली. १९४७ मध्ये जे. अर्नेस्ट एअर यांनी सुचविलेल्या लाकडी चमच्यामुळे नमुना घेणे सोपे झाले. पापानिकोलाऊ यांनी निष्कर्षांचे पाच वर्ग पाडले. पहिला व पाचवा यांविषयी वाद नव्हता. अडचण मधल्या वर्गांची होती. ‘संशयास्पद’ एवढा शेरा हाती पडलेल्या स्त्रीला व तिच्या डॉक्टरला त्यातून निश्चित असे काहीच कळत नसे.

जेम्स रीगन यांनी १९५० नंतरच्या दशकात अशा फेरफारांना ‘डिसप्लेझिया’ (दुर्विकसन) हे नाव रूढ केले. राल्फ रिचर्ट यांनी १९६० नंतरच्या दशकात सौम्य दुर्विकसनापासून कर्करोगापर्यंत एकच अखंड प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन करून तिच्या तीन श्रेणी पाडल्या. ही मांडणी उपयुक्त ठरली. पण तिचा एक अनिष्ट परिणामही झाला. पायऱ्या एकाच जिन्याच्या असतील, तर पहिल्या पायरीवरची प्रत्येक स्त्री वर चढणारच, असा समज पसरला आणि सौम्य विकृतीवरही शस्त्रक्रिया होऊ लागल्या. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ए. जी. ऑस्टर यांनी १९९३ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पहिल्या श्रेणीच्या सुमारे ५७ टक्के विकृती आपोआप नाहीशा झालेल्या व केवळ १ टक्का आक्रमक कर्करोगापर्यंत गेलेल्या आढळल्या. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३–८४ मध्ये मानवी पॅपिलोमा व्हायरसाचे १६ व १८ हे प्रकार या कर्करोगाशी निगडित असल्याचे दाखविले (त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले). त्यामुळे बहुतेक सौम्य फेरफार हे व्हायरसाच्या तात्पुरत्या संसर्गाचे चिन्ह असते, हे स्पष्ट झाले.

मग थांबून पाहणे योग्य ठरते काय? या प्रश्नाला एक काळी बाजू आहे. ऑकलंड (न्यूझीलंड) येथील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन यांनी १९६६ पासून सौम्य नव्हे, तर तीव्र कर्करोगपूर्व विकृती असलेल्या अनेक स्त्रियांना पुरेसे उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवले. आपण प्रयोगाचा भाग आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९८४ मधील शोधनिबंध व १९८७ मधील नियतकालिकातील लेख यांनंतर न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी झाली व १९८८ मध्ये अहवाल आला. त्या स्त्रियांच्या २००८ मधील पुनरावलोकनानुसार अपुरे उपचार झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. योग्य उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. दिल्लीत १९७६ नंतर दुर्विकसन असलेल्या हजाराहून अधिक स्त्रियांचे उपचाराविना दीर्घकाळ निरीक्षण करण्यात आले होते. त्यावर १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून टीका झाली. निरीक्षण व उपेक्षा यांत फरक आहे. ज्या स्त्रीला आपल्या स्थितीची माहिती आहे, जिला ठरावीक मुदतीत पुन्हा बोलावले जाते आणि विकृती वाढताच उपचार मिळतात, तिच्याच बाबतीत निरीक्षण हा पर्याय म्हणता येतो.

निष्कर्षांची भाषा एकसारखी करण्यासाठी १९८८ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे नवी पद्धती ठरली. तीत ‘अर्थ अनिश्चित असलेल्या अपसामान्य कोशिका’ व ‘निम्न श्रेणीची विकृती’ असे दोन सौम्य वर्ग आले. या वर्गांतील सुमारे पाच हजार स्त्रियांवर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९६ पासून चाचणी घेतली. तीन पर्यायांची तुलना झाली : ताबडतोब कॉल्पोस्कोपने (ग्रीवा विवर्धित रूपात दाखविणाऱ्या उपकरणाने) तपासणी व जीवोतक परीक्षा, आधी व्हायरसाची चाचणी, आणि सहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा कोशिका-परीक्षण. अनिश्चित वर्गात व्हायरस-चाचणी सर्वांत उपयोगी ठरली; ती नकारार्थी आल्यास जवळजवळ निम्म्या स्त्रियांची पुढील तपासणी टळत होती. निम्न श्रेणीत मात्र पाचांपैकी चारांहून अधिक जणींत व्हायरस सापडल्याने तिथे या चाचणीने निवड करण्यात अर्थ उरला नाही. कॉल्पोस्कोपच्या एकाच तपासणीत, दोन वर्षांत उघड झालेल्या तीव्र विकृतींपैकी सुमारे निम्म्याच सापडल्या, हे अनेकांना अनपेक्षित होते. विकृतिवैज्ञानिकांच्या मंडळाने अनिश्चित ठरविलेल्या काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या, तेव्हा निम्म्याहून कमी पट्ट्यांबाबत मूळ मत कायम राहिले.

ब्रिटनमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४,४३९ स्त्रियांत ताबडतोब तपासणी व सहामाही परीक्षण यांची तुलना झाली. पहिल्या मार्गाने काही अधिक विकृती सापडल्या. पण वेदना, रक्तस्राव व अनावश्यक उपचार वाढले. ग्रीवेचा भाग काढून टाकल्यास पुढील गर्भारपणात अकाली प्रसूतीची शक्यता वाढते, ही बाब तरुण स्त्रियांत विशेष महत्त्वाची आहे. निकालपत्रातून येणाऱ्या भीतीची नोंदही याच अभ्यासात झाली : सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांत चिंतेचे प्रमाण लक्षणीय होते.

अमेरिकेतील २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ काचपट्टीऐवजी वय, पूर्वीचे निष्कर्ष व व्हायरस-चाचणी यांवरून तीव्र विकृतीचा धोका काढतात. तात्कालिक धोका ४ टक्के किंवा अधिक असल्यास कॉल्पोस्कोपने तपासणी सुचवितात. पंचवीस वर्षांखालील स्त्रियांत सौम्य फेरफारासाठी सामान्यतः वर्षानंतरचे पुनर्परीक्षण पुरेसे मानतात.

महाराष्ट्रात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत व्हायरसाच्या एकाच परीक्षेने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये दिसून आले. जिथे सहा महिन्यांनी परत येणे म्हणजे बुडालेली मजुरी व एस.टी.चा प्रवास, तिथे वारंवार बोलावण्याची पद्धत कागदावरच राहण्याचा संभव असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशींत व्हायरस-चाचणीला प्राधान्य दिले असून, सकारात्मक स्त्रीवर शक्य तेवढ्या कमी भेटींत उपचार पुरे करण्याचा मार्गही मान्य केला आहे. त्यात काही स्त्रियांवर अनावश्यक उपचार होतात, हे मात्र गृहीत धरावे लागते.