‘लेस’ आणि ‘फ्यूअर’: एका आवडीचा झालेला कायदा
इंग्रजीत ‘कमी’ म्हणताना मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’, हा नियम अनादि असल्यासारखा शिकवला जातो. पण नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या नावावरील भाषांतरात ‘लेस’ शब्दांच्या संख्येलाही लागतो. तेव्हा तो नामासारखा चाले आणि पुढचे अनेकवचन षष्ठीत येई. प्रत्यय झिजले, तसा तो थेट अनेकवचनाला चिकटला. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने संख्येसाठी ‘फ्यूअर’ बरा वाटतो, एवढेच सुचवले. पुढच्या व्याकरणकारांनी त्याचा कायदा केला. नियमामुळे अर्थ स्पष्ट होतो, असे कोणी म्हणेल. मग ‘मोअर’ दोन्हीकडे चालतो, तिथे कोणाचा गोंधळ होतो? आपले ‘कमी’ही पाण्याला आणि माणसांना सारखेच पुरते. अंतर, पैसा, वेळ यांच्या आकड्यांपाशी तर काटेकोर इंग्रजही ‘लेस’च लिहितो.