न्यूमोकोकसचे संपुटप्रकार

न्यूमोकोकस (शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए) हा न्यूमोनिया व मेंदूच्या आवरणाचा दाह यांस कारणीभूत ठरणारा जिवाणू आहे. त्याच्या पेशीभोवती बहुशर्करांचे संपुट असते. संपुट म्हणजेच कॅप्सूल. औषधाच्या कॅप्सूलशी त्याचा संबंध नाही. संपुटामुळे पांढऱ्या रक्तपेशींना हा जिवाणू सहजासहजी गिळता येत नाही. संपुटातील शर्करांच्या रचनेनुसार त्याचे शंभराहून अधिक प्रकार (सिरोटाइप) मानले जातात.

सध्याच्या लसी ठरावीक संपुटांविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करतात, म्हणून प्रकार अचूक ओळखणे महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'न्यूमोसिल' या लसीत १, ५, ६ए, ६बी, ७एफ, ९व्ही, १४, १९ए, १९एफ आणि २३एफ असे दहा प्रकार आहेत. तिला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. लसीकरणानंतर लसीबाहेरचे प्रकार वाढू शकतात. त्यांची नोंद चुकीच्या नावाखाली झाल्यास ही वाढ लक्षातच येत नाही.

विशिष्ट प्रतिपिंडे मिसळली असता संपुट फुगल्यासारखे दिसते, हे नॉयफेल्ड यांनी १९०२ मध्ये दाखविले. ही परीक्षा आजही प्रमाण मानली जाते, परंतु ती फसूही शकते. ६सी हा प्रकार २००७ पर्यंत ६ए म्हणूनच नोंदला जात होता. दोहोंत फरक एवढाच, की ६एमधील गॅलॅक्टोजच्या जागी ६सीमध्ये ग्लुकोज असते.

संपुट घडविणारी जनुके बहुधा गुणसूत्रावर डेक्स-बी व अलि-ए या दोन जनुकांच्या दरम्यान एकत्र आढळतात. (३७ हा प्रकार अपवाद, त्याचे संपुट घडविणारे जनुक अन्यत्र असते.) तत्कालीन ९० प्रकारांच्या या जनुकसमूहांचा क्रम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूच्या जनुकसंचाचे क्रमनिर्धारण करून तो या संग्रहाशी ताडून पाहता येतो. न जुळणारा भाग हा नव्या प्रकाराचा पहिला संकेत असतो. १०डी हा शंभरावा प्रकार २०२० मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच्या जनुकसमूहातील मोठा तुकडा तोंडात राहणाऱ्या दुसऱ्या एका स्ट्रेप्टोकोकसकडून आलेला आहे.

तथापि केवळ जनुकक्रम वेगळा दिसला म्हणून नवा प्रकार सिद्ध होत नाही. ६ए व ६बी यांतील भेद एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलाने घडतो. उलट काही बदलांचा संपुटावर परिणामच होत नाही. म्हणून शर्करेची रचना रासायनिक पद्धतीने तपासून आणि प्रतिपिंडांची प्रतिक्रिया पाहूनच नवे नाव दिले जाते.