गाय नावाचा माणूस

'हाय गाईज!' या शब्दांनी सुरू झाला नाही असा कॉन्फरन्स कॉल तुम्ही शेवटचा कधी अटेंड केलात? पलीकडून क्लायंट म्हणतो, अलीकडून मॅनेजर म्हणतो, आणि परवा जॉइन झालेला फ्रेशरसुद्धा तिसऱ्या दिवशी 'गाईज, कॅन यू हिअर मी?' म्हणायला लागतो. कॉलवर सात मुली आणि एक मुलगा असला तरी सगळे 'गाईज'च.

मराठीत हा शब्द लिहायला बसलं की मात्र पंचाईत होते. अनेकवचन ठीक आहे हो, पण एकवचन काय लिहिणार? 'गाय'! 'तो चांगला गाय आहे' असं लिहिलं तर आजी म्हणेल, बरोबर आहे, गरीब गाय आहे बिचारा. पण गंमत अशी की हा शब्द मुळात अजिबात गरीब नाही. त्याच्या मागे दारूगोळा आहे, छळ आहे, वधस्तंभ आहे, आणि अडीचशे वर्षं कायद्याने पाळलेला एक द्वेषाचा सणही आहे. इतकं सगळं पोटात असलेला शब्द आपण दिवसातून वीस वेळा 'अहो मंडळी' या अर्थाने वापरतो. म्हटलं, या वीकेंडला याचाच छडा लावू.

तर 'गाय' हे मुळात एक विशेषनाम. जुन्या जर्मानिक भाषांतल्या 'विडो' या नावाचं फ्रेंचांनी 'गी' केलं. (कथाकार मोपासाँचं पहिलं नाव आठवा, गी द मोपासाँ. स्पेलिंग तेच.) इटालियन लोकांनी त्याच नावाचं 'ग्विडो' केलं. म्हणजे पायथॉनवाले ग्विडो व्हान रॉसम आणि आपले कॉन्फरन्स कॉलवरचे 'गाईज' हे नावाने चुलतभाऊ लागतात! तंबूला किंवा मोबाइल टॉवरला ताणून बांधतात त्या 'गाय वायर'चा मात्र या घराण्याशी संबंध नाही. ती वेगळी. 'गाइड' या शब्दाच्या कुळातली.

हे विशेषनाम सामान्यनाम झालं ते एका माणसामुळे. गाय फॉक्स. जन्म १५७०, गाव यॉर्क.

त्या काळचं इंग्लंड प्रोटेस्टंट. कॅथलिक लोकांनी उघडपणे आपला धर्म पाळायची सोय नव्हती, चर्चला गैरहजर राहिलं तर दंड. फॉक्स तरुणपणी कॅथलिक झाला, देश सोडून गेला आणि स्पेनच्या सैन्यातर्फे आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागात लढला. तिथे त्याने स्वतःचं नाव बदलून 'ग्विडो' केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६०३ साली राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. त्याची आई कॅथलिक, त्यामुळे हा तरी आपल्याला सैल सोडेल अशी कॅथलिकांना आशा होती. ती फोल ठरली. मग रॉबर्ट केट्स्बी नावाच्या एका धडाडीच्या माणसाने कट रचला. पार्लमेंटच्या उद्घाटनाला राजा, सरदार, बिशप, खासदार सगळे एकाच छताखाली येतात. ते छतच उडवून द्यायचं. एकूण १३ जण सामील झाले. त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बरोबर खालचं तळघर चक्क भाड्याने घेतलं (हो, तेव्हा मिळायचं!), दारूची ३६ पिंपं आत नेली आणि वर लाकूडफाटा रचला. फॉक्सला सैन्यातला अनुभव, स्फोटकांची माहिती, आणि अनेक वर्षं परदेशात राहिल्यामुळे लंडनमध्ये त्याला ओळखणारं कोणी नाही. तेव्हा वात पेटवायचं काम त्याच्याकडे आलं.

२६ ऑक्टोबर १६०५ ला माँटीगल नावाच्या एका सरदाराला निनावी पत्र आलं, पार्लमेंटच्या उद्घाटनाला जाऊ नका म्हणून. त्याने ते सरकारच्या हवाली केलं. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्री तळघराची झडती झाली आणि फॉक्स सापडला. नाव विचारल्यावर म्हणाला, 'जॉन जॉन्सन'. दोन दिवस त्याने दाद दिली नाही. मग राजाने लेखी परवानगी दिली, आधी सौम्य छळ करा आणि मग पायरीपायरीने वाढवत न्या. टॉवर ऑफ लंडनमध्ये पुढे काय झालं असेल याचा अंदाज त्याच्या कबुलीजबाबांवरून येतो. ते कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. छळानंतरच्या जबाबावर जेमतेम उमटलेली, थरथरती सही आहे, 'ग्विडो'. एवढंच. हातात आडनाव लिहिण्याइतकी ताकद उरली नव्हती असं मानतात. ३१ जानेवारी १६०६ ला वेस्टमिन्स्टरमध्ये त्याला फाशी दिलं गेलं.

म्हणजे बघा, ज्या माणसाचं नाव जगभर झालं, त्याने ते नाव स्वतः केव्हाच टाकून दिलं होतं.

दुसरी गोष्ट. कटाचा म्होरक्या केट्स्बी होता, फॉक्स नव्हे. केट्स्बी ८ नोव्हेंबरलाच चकमकीत मारला गेला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो तळघरात सापडलेला. आपल्या धंद्यात हे कोणालाही कळेल. डिझाइन कोणाचं, डेडलाइन कोणाची याला महत्त्व नाही. सर्व्हर बसला त्या क्षणी लॉगिन कोणाचं होतं, हे महत्त्वाचं! नाहीतर आज आपण 'हाय केट्स्बीज' म्हणत बसलो असतो.

आता यातला कडू भाग. कट १३ जणांचा, पण किंमत मोजली सगळ्यांनी. १६०६ मध्ये पार्लमेंटने कायदे करून कॅथलिकांना वकिली आणि डॉक्टरी करायला बंदी घातली, राजनिष्ठेची शपथ सक्तीची केली, शस्त्रांसाठी घरांच्या झडत्या घ्यायची मुभा दिली. ज्यांचा या कटाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा हजारो कुटुंबांना पिढ्यानपिढ्या 'तुम्ही त्यातलेच' हे ऐकून घ्यावं लागलं. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायची मोकळीक मिळायला १८२९ उजाडलं. आणि ५ नोव्हेंबर हा दिवस 'थोडक्यात वाचलो' म्हणून चर्चमध्ये प्रार्थना करून साजरा करायचा, असाही कायदा झाला. तो १८५९ पर्यंत चालला. तब्बल २५३ वर्षं!

प्रार्थना सकाळी, शेकोट्या रात्री. शेकोटीत पुतळा जाळायची प्रथा पडली. सतराव्या शतकात बहुतेक वेळा तो पोपचा असे, पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस फॉक्सचा रुळला. जुने कपडे, पेंढा, एक मुखवटा. पोरं तो पुतळा ढकलगाडीत घालून गल्लोगल्ली फिरायची आणि 'पेनी फॉर द गाय' म्हणत पैसे मागायची. आपल्याकडे पोरं होळीची वर्गणी मागत दारोदार हिंडतात, अगदी तसं.

आणि इथे विशेषनामाचं सामान्यनाम झालं. १८०६ च्या सुमाराला लेखी इंग्रजीत 'गाय' म्हणजे फॉक्सचा पुतळा असा अर्थ दिसतो. मग पुतळा कोणाचाही असो, तो 'गाय'च. १८५० मध्ये पोपने इंग्लंडमध्ये पुन्हा बिशप नेमले, तेव्हा लोकांनी कार्डिनल वाइजमनचे पुतळे जाळले. तेही गाईजच.

पुढची पायरी सोपी आहे. पेंढा भरलेला, ढगळ कपड्यातला, तोंड रंगवलेला पुतळा. तसा दिसणारा जिवंत माणूसही 'गाय'. १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये कोणाला 'गाय' म्हणणं म्हणजे आपल्याकडे 'काय ध्यान आहे!' किंवा 'नुसतं बुजगावणं दिसतंय' म्हणणं. 'टु गाय' असं क्रियापदही झालं, म्हणजे एखाद्याची टर उडवणं.

मग ही शिवी 'मित्रा'पर्यंत कशी आली? उत्तर अमेरिकेत आहे.

ब्रिटिश वसाहती असेपर्यंत अमेरिकेतही ५ नोव्हेंबर जोरात असे. बॉस्टनमध्ये त्याला 'पोप डे' म्हणत. पण १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि वॉशिंग्टनला कॅनडातल्या फ्रेंच कॅथलिकांची मदत हवी होती. त्याने ५ नोव्हेंबरलाच सैन्याला हुकूम काढला, पोपचा पुतळा जाळण्याचा हा पोरकटपणा अजिबात चालणार नाही. पुढे इंग्लंडचा राजाच गेल्यावर राजा वाचल्याचा सण कोण करणार? दिवस विझला. शब्द मात्र पोचला, आणि पोचला तो पुतळ्याशिवाय, शेकोटीशिवाय. ज्यांनी रस्त्यावर जळणारा गाय पाहिलाच नाही, त्यांना त्या शब्दात टोमणा तरी कसा ऐकू येणार? १८४० च्या दशकात अमेरिकेत 'गाय' म्हणजे साधा 'माणूस' असा वापर सापडतो. ॲलन मेटकाफ या भाषाअभ्यासकाने २०१९ मध्ये या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचाही रोख हाच आहे, अमेरिकेला फॉक्सचा विसर पडला म्हणून हा शब्द वाचला.

मग गाईजची फौजच आली. टफ गाय, वाइज गाय, बॅड गाय, आणि दुसऱ्याचं खापर डोक्यावर घेणारा फॉल गाय. 'आय नो अ गाय' हे तर अस्सल आपलंच वाक्य आहे. 'आरटीओत आपला एक माणूस आहे' याहून त्याचं चांगलं भाषांतर होणार नाही.

आता राहिलं 'यू गाईज'. इथे इंग्रजीची जुनी अडचण आहे. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी तीन मजल्यांची सोय. इंग्रजीत पूर्वी एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यी' किंवा 'यू' होतं. हळूहळू आदरार्थी 'यू' सगळ्यांना लागू झालं आणि रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेलं. म्हणजे अहो-जाहोने अरे-तुरे गिळून टाकलं! मग एकाशी बोलतोय की दहाजणांशी, हे कळेना. दक्षिण अमेरिकी संस्थानांनी 'यॉल' काढलं, बाकी अमेरिकेने विसाव्या शतकात 'यू गाईज' उचललं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'द इलेक्ट्रिक कंपनी' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात रिटा मोरेनो 'हे यू गाईज!' अशी आरोळी ठोकायची. ओरडणारी बाई, ऐकणारे मुलगे-मुली दोन्ही. शब्द पुरुषाचा उरला नव्हता.

खरंच उरला नव्हता? 'आतापर्यंत किती गाईजना डेट केलंस?' हा प्रश्न एखाद्या पुरुषाला विचारून बघा. लगेच कळेल, शब्द अर्धाच न्यूट्रल आहे. हाक मारताना सगळ्यांचा, बाकी वेळ पुरुषांचाच. म्हणून अलीकडे काही ऑफिसांत 'गाईज' टाळा, 'फोक्स' किंवा 'टीम' म्हणा, असं सुचवतात. यावर 'आता एवढ्यातेवढ्यावरून...' म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. मीही पुरुषच. पण मला ही मागणी फालतू वाटत नाही. खोलीत नव्वद टक्के बाप्ये असताना 'गाईज' हा सर्वांचा शब्द आहे, हे ठरवलं कोणी? दुसरी बाजूही आहे. आपल्या 'राव'चं काय झालं? सरदार-जहागीरदारांचा किताब, आणि आज पुण्यात मैत्रिणी एकमेकींना 'काय राव, किती उशीर!' म्हणतात. तो शब्द त्यांनी स्वतः उचलला, कोणी लादला नाही. फरक मला तिथे दिसतो. शब्द कुठून आला यापेक्षा तो ज्याला लागतो त्याला बोचतो का, हे विचारायला हवं. आणि ते ऐकणाऱ्यालाच विचारायला हवं.

फॉक्स अजून जिवंतच आहे म्हणा. ब्रिटिश पार्लमेंटच्या उद्घाटनाआधी रखवालदार आजही परंपरा म्हणून तळघर तपासतात. यॉर्कच्या ज्या शाळेत तो शिकला, ती ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळत नाही. डंबलडोरच्या फिनिक्सचं नाव फॉक्स आहे. २००६ च्या 'व्ही फॉर व्हेंडेटा' सिनेमातला त्याचा मुखवटा २००८ पासून जगभरच्या आंदोलनांत दिसू लागला. चेहरा बंडखोरांकडे गेला आणि नाव आपल्याकडे मीटिंगला आलं.

असो. इंग्रजीला अनेकवचनासाठी एका फासावर गेलेल्या माणसाचं नाव उसनं घ्यावं लागलं. आपल्याकडे मात्र एक छान शब्द पडून आहे. बायका, पुरुष, लहान, थोर सगळे त्यात मावतात. एका पिढीपूर्वीचे नवरे तर तो शब्द एकट्या बायकोसाठीही वापरायचे, 'आमच्या मंडळी माहेरी गेल्यात'!

तर मंडळी, सोमवारच्या कॉलला तोच वापरून बघा. क्लायंटला समजावून सांगायची जबाबदारी तुमची.