बेडसोर : अंथरुणाला खिळलेल्या बुजुर्गांची काळजी

वृद्धाश्रमात किंवा घरी सतत पडून असलेल्या बुजुर्गांना माकडहाड, खुबा, टाच इथे बेडसोर होतो. दाबामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. आपण नुसत्या नमाजच्या वेळा धरल्या तर इशा ते फज्र फार मोठा खंड पडतो, रात्रीचा गजर वेगळाच लावावा लागतो. एअरबेड असला तरी यातून सुटका नाही. पेशंटला ओढू नये, चादरीने उचलून सरकवावे. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवावी.

लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती सुरुवात समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हाताने तपासावा. त्या जागी मालिश नको. आपल्याकडे तेल चोळायची घाई फार! वृद्धाश्रमात भेटायला गेलो की परवानगी घेऊन टाचा आणि कंबर आपण स्वतः पाहावी.