मार्करनं पाहिलेल्या लढती

धावड्यात बिलियर्डचं टेबल कधी नव्हतं, आजही नाही. भोकरदन तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेलं आमचं गाव मिरची, कापूस आणि मक्याचं. गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी रझाकारांच्या गोष्टी, बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी, जत्रेतल्या कुस्त्यांच्या गोष्टी. आमच्या घरात मात्र त्यांच्या जोडीला विल्सन जोन्स, जो डेव्हिस आणि रे रिअर्डन ही माणसं वावरायची. ती घरात आणली आजोबांच्या धाकट्या भावानं. आम्ही पोरं त्यांना मुंबईचे आबा म्हणायचो.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षी आबा घरातून निघाले. मिसरूडही फुटलं नव्हतं. बैलगाडीनं अजिंठा, तिथून जळगाव आणि जळगावहून रेल्वेनं व्हीटी. ओळखीतल्या एकानं त्यांना दक्षिण मुंबईतल्या एका क्लबात झाडलोटीला लावलं. झाडता झाडता ते बिलियर्ड रूमच्या दाराशी पोचले, मग आत गेले आणि पुढे तिथेच मार्कर झाले. निवृत्त होऊन गावी परतले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. शाळा निजामाच्या राज्यात झालेली, त्यामुळे त्यांना उर्दू वाचता यायचं. इंग्रजी ते शिकले भिंतीवरच्या गुणफलकावरून. एकपासून शंभरपर्यंत आकडे आधी आले, भाषा नंतर आली.

मार्कर म्हणजे नुसता गुण मांडणारा नव्हे. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल, खाली पाटीच्या दगडाच्या जाडजूड फरशा, वर लोकरीचं हिरवं कापड. त्या कापडाला लव असते आणि लवेला दिशा असते. आबा ब्रश मारायचे तो नेहमी बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या बाजूकडून वरच्या टोकाकडे, सरळ रेषेत, उलटा हात कधी नाही. मग इस्त्री. इस्त्री आधी जुन्या कागदावर टेकवून बघायची, कागद पिवळा पडला तर थांबायचं. तीही त्याच दिशेनं, मध्ये न थांबता एका दमात ओढायची. पावसाळ्यात मुंबईची हवा कापडात मुरते, चेंडू जड चालतो, कुशन मेल्यासारखं वागतं. जुलैत इस्त्री जास्त वेळा फिरवावी लागायची. हे सांगताना आबांचा तळहात आपोआप आडवा होऊन हवेत सरकायचा. घरातल्या एकाही माणसानं तसं टेबल पाहिलेलं नव्हतं, तरी लव कुठून कुठे जाते हे आमच्या आजीलाही पाठ होतं.

त्यांच्या गोष्टींत सगळ्यात वरचा मान विल्सन जोन्स यांचा. १९२२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचा जगज्जेता झाला. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी ते पुन्हा मिळवलं. बिलियर्डची राष्ट्रीय अजिंक्यपदं बारा, स्नूकरची पाच. पुण्याच्या शाळेत शिकलेल्या या जगज्जेत्याचं नाव मराठी घरांत किती जणांना ठाऊक असतं, हा प्रश्न आबा विचारायचे. मी पुढे कॉलेजात हाच प्रश्न मित्रांना विचारला आणि कोणालाच उत्तर देता आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझपदकाचं मोल आपल्याला उशिरा का होईना कळलं. जोन्स यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये ते मुंबईत वारले.

बिलियर्डमध्ये तीनच चेंडू. दोन खेळाडूंचे दोन आणि एक लाल. आपल्या चेंडूनं बाकीच्या दोन्हींना स्पर्श केला की कॅनन, दोन गुण. लाल पॉकेटात घातला तर तीन. लालवरून आपलाच चेंडू आत गेला तरी तीन. एवढ्याशा भांडवलावर माणूस तासन् तास टेबल सोडत नाही. आबा म्हणायचे, "जोन्स साहेबाचा खेळ बसून पाह्यला तं काहीच होऊ नाही राह्यलं असं वाटे. बोर्डापाशी उभं राह्यलं की मंग कळे, आपला हात दुखू राह्यला." चांगला बिलियर्ड खेळाडू चेंडू लांब जाऊच देत नाही, दर फटक्यानंतर तिघांना पुन्हा जवळ आणून ठेवतो. बाहेरच्याला त्यात काही दिसत नाही, गुणफलकाचा काटा सरकवणाऱ्याला सगळं दिसतं.

मायकेल फरेरा यांच्या ११४९ च्या ब्रेकची, म्हणजे एकाच पाळीत सलग केलेल्या गुणांची गोष्ट आबांनी दुसऱ्या एका मार्करकडून ऐकलेली होती. मार्करांचं असं एक आपसातलं जग होतं. सुटीच्या दिवशी ते एकमेकांच्या खोल्यांवर जमायचे आणि कोणत्या टेबलावर कोणी काय केलं याची देवाणघेवाण व्हायची. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरांनी एका ब्रेकमध्ये हजाराचा टप्पा ओलांडला. हौशी खेळाडूनं हे तोवर जगात कुठेही केलं नव्हतं. काटा शंभरावर गेला की परत आणायचा, पुन्हा शंभर, पुन्हा परत. आठशेनंतर खोलीत कोणी खोकलंही नाही, असं त्या मार्करनं आबांना सांगितलं होतं आणि आबांनी आम्हाला. फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जगज्जेते झाले. १९८१ ची पद्मश्री त्यांनी नाकारली, कारण सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं आणि आपलं यश त्याहून कमी नाही असं त्यांचं म्हणणं होतं. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालंच. आमच्या ओट्यावर हा प्रसंग फार लोकप्रिय होता. हक्काचं मागायला लाजू नये, असं आजोबांचं मत त्यावरून पक्कं झालं होतं.

पण आबांना स्वतःला एक गोष्ट कायम बोचत राहिली. सकाळी सभासद यायच्या आत टेबल तपासून बघायचं काम मार्करचं. त्या निमित्तानं आबा खेळायचे आणि चांगलं खेळायचे. एकदा स्पर्धेत नाव द्यायची गोष्ट निघाली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की टेबलापाशी उभं राहण्याचा पगार घेणारा माणूस हौशी नसतो. आपल्याकडच्या त्या सगळ्या स्पर्धा हौशींच्या. म्हणजे दार बंद. सांगणाऱ्यानं हे हसत सांगितलं होतं आणि ते हसणं आबा म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत.

म्हणूनच इंग्लंडच्या धंदेवाईक खेळाडूंवर त्यांचा जीव होता. तिथे धंदेवाईक म्हणजे सगळ्यात वरचा. जो डेव्हिस खाणकामगाराचा मुलगा, पोरवयापासून बिलियर्ड हॉल सांभाळणारा, म्हणजे जवळजवळ आबांच्याच कामातला. १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला पहिली जागतिक धंदेवाईक स्नूकर स्पर्धा झाली ती त्याच्याच खटपटीनं. जिंकला तोच, आणि हाती आले साडेसहा पौंड. ती धरून १९४६ पर्यंत पंधरा वेळा तो जिंकला. जागतिक स्पर्धेत त्याला कोणीही हरवू शकलं नाही. शेवटचा अंतिम सामना १४५ फ्रेमचा म्हणजे डावांचा, पंधरवडाभर चाललेला, ७८ विरुद्ध ६७. एका सामन्याला पंधरा दिवस, हे ऐकून आमच्या गावची माणसं सप्ताहाचा हिशोब करू लागायची.

या स्नूकरचा जन्म आपल्याकडचा. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत पावसानं अडकलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी, त्यांतल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुणानं मुख्यतः, लाल चेंडूंच्या डावात रंगीत चेंडू घातले. १८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून लावले गेले. तेव्हा टेबलाची निगा कोण राखत होतं, चेंडू कोण काढून देत होतं, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

रे रिअर्डनची गोष्ट आबा आम्हा पोरांसाठी राखून ठेवायचे. हा वेल्सचा खाणकामगार. एकदा खाणीत दरड कोसळून तो तीन तास गाडला गेला. हललो तर मरतो हे कळल्यावर तो निपचित पडून राहिला आणि मनातल्या मनात धाकट्या भावाबरोबर गोट्या खेळत राहिला. पुढे पोलिसात गेला, मग स्नूकरचा धंदा धरला आणि १९७० ते १९७८ या काळात सहा वेळा जगज्जेता झाला. शेवटचं जेतेपद पंचेचाळिसाव्या वर्षी. ही गोष्ट ऐकली की आम्ही खिशातल्या गोट्या बाहेर काढायचो.

गोट्यांचं आणखी एक काम होतं. क्लबातल्या कोणीतरी विलायतेहून १९८५ च्या अंतिम सामन्याची कॅसेट आणली होती. सभासद खुर्च्यांत, मार्कर मंडळी दारात उभी, असा तो सामना आबांनी पाहिला. त्या दिवाळीला ते गावी आले आणि शेणानं सारवलेल्या ओसरीवर त्यांनी घोंगडी अंथरली. सुरकुत्या हातानं काढल्या, अर्थात एकाच दिशेनं. चार कोपऱ्यांना चार वाट्या, लांबीच्या मधोमध दोन. क्यू म्हणून ज्वारीचा वाळलेला धांडा. आणि शेवटच्या फ्रेमचे शेवटचे चेंडू म्हणून चार गोट्या, त्यांतली एक काळी.

शेफील्डला स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर खेळत होते. पस्तीस फ्रेमचा सामना, अठरा जिंकेल तो जगज्जेता. डेव्हिसनं पहिल्या आठही फ्रेम घेतल्या. टेलर एकेक करत मागून आला आणि सतरा-सतरा अशी बरोबरी झाली. शेवटची फ्रेम अडुसष्ट मिनिटं चालली. चार चेंडू उरले तेव्हा डेव्हिस ६२, टेलर ४४. टेलरला चारही हवे होते. तपकिरी गेला, चार गुण. आबांनी गोटी वाटीत टाकली, टण आवाज झाला. निळा गेला, पाच. गुलाबी गेला, सहा. ६२ विरुद्ध ५९. राहिला फक्त काळा, सात गुणांचा. दोन दिवसांचा सामना त्या एका चेंडूवर. तो लगेच कोणालाच घालता आला नाही. मग डेव्हिसला बारीक कट मिळाला. आबांनी धांडा लावला आणि आमच्याकडे पाहिलं. "एवढंच घेतलं त्यानं जास्ती," म्हणून नखाचं टोक दाखवलं. काळी गोटी वाटीच्या कडेला लागून परत आली. टेलर उठला आणि त्यानं ती घातली. सबंध सामन्यात तो पहिल्यांदाच पुढे गेला होता, सामना संपला तेव्हा. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसं टीव्हीसमोर जागी होती.

माझ्या आईनं विचारलं, "मंग तो डेव्हिस काय करत होता, टेलर खेळताना?" आबा म्हणाले, "खुर्चीत बसेल होता. ह्या खेळात दुसऱ्याला काहीच करता येत नाही, माय. कुस्तीत निदान खालून धडपड तं करता येते." या खेळाबद्दल एवढं नेमकं मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

टेलरचा भलामोठा, काचा कपाळापर्यंत चढलेला चष्मा आबांना फार आवडायचा. खाली वाकून नेम धरताना साध्या चष्म्याची कड आडवी येते, म्हणून तो मुद्दाम घडवलेला. घडवणारा जॅक कार्नेम स्वतः खेळाडू होता. १९६९ च्या हौशी बिलियर्ड जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आपल्या फरेरांना हरवणारा तोच. मुंबई, लंडन, शेफील्ड असे धागे आबा ओट्यावर बसून जोडत जायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही सगळी माणसं भोकरदनच्या बाजारात एकमेकांना भेटतात.

१९९२ मध्ये जागतिक धंदेवाईक बिलियर्ड स्पर्धा मुंबईत झाली. गीत सेठींनी १२७६ चा ब्रेक केला आणि स्पर्धा जिंकली. आबांना तोवर गावी येऊन काही वर्षं झाली होती. मी औरंगाबादला शिकत होतो. त्यांनी निरोप पाठवला, पेपरातलं सगळं कापून आण. मी आणलं. आनंद सेठींचा होताच, पण त्यांची नजर दुसऱ्याच शब्दावर खिळली होती. धंदेवाईक. मुंबईतच, भारतीय माणूस, आणि धंदेवाईक जगज्जेता. त्यांनी कात्रण घडी घालून पाकिटात ठेवलं. १९९५ च्या अंतिम सामन्यात सेठींसमोर महाराष्ट्राचे देवेंद्र जोशी होते. जोशी हरले, तरी आबांनी गावात पेढे वाटले.

प्रत्येक कात्रण ऐकून झालं की ते एकच विचारायचे, "मार्कर कोण होता?" पेपरात ते कधीच नसायचं. आबा गेल्यावर तो प्रश्न माझ्याकडे आला. १९५८ ला कलकत्त्यात जोन्स खेळत असताना बोर्डापाशी कोण होतं, १९७८ चे ११४९ आकडे कोणी पुकारले, ही नावं मिळतात का ते मी शोधतो आहे. पुण्या-मुंबईच्या क्लबांतून निवृत्त झालेले मार्कर अजून भेटतात. कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे. वही उघडली की ते आधी साहेब लोकांबद्दल बोलतात, मग टेबलांबद्दल, कोणत्या टेबलाचं कोणतं पॉकेट चेंडू थुंकायचं त्याबद्दल. आपण स्वतः किती खेळायचो हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मी विचारतो, आणि सांगतील तो सर्वांत मोठा ब्रेक त्यांच्या नावापुढे लिहून घेतो.